प्रसार भारतीच्या मंडळावर माणसं कोणी नेमायची?

गोदाकाठ: काल सातपूरकरांनी इथे लिहिलं, "सरकार लोकांनी निवडून दिलंय, मग प्रसार भारतीच्या मंडळावर त्यानं आपली माणसं बसवली तर बिघडलं काय?" ते वाचून झोप उडाली, म्हणून वेगळा धागा काढतोय.

१९९० चा प्रसार भारती कायदा झाला तोच मुळी आकाशवाणी-दूरदर्शन केंद्राच्या मंत्रालयाच्या हाताखालून काढून या मंडळाकडे द्यायला. अध्यक्ष आणि सदस्यांची नावं सुचवायला तिघांची समिती आहे: राज्यसभेचे सभापती, वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतात, म्हणजे तिसरा माणूस सरकारचाच. प्रेस कौन्सिलचा अध्यक्ष निवडणाऱ्या समितीतही पुन्हा तेच राज्यसभेचे सभापती. मग स्वतंत्र राहिलं कोण? विरोधी पक्षाचा एक माणूस समितीत घ्या, विचारात असलेली नावं आधी जाहीर करा आणि जागा रिकामी झाली की तीन महिन्यांत भरा. फेब्रुवारी २०२० ते मार्च २०२४ अध्यक्षाची खुर्ची रिकामी होती. चार वर्षं!

सातपूरकर: चार वर्षांचं दुःख मला सांगू नका. आपली नाशिक महापालिका मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या हाती होती. आमच्या गल्लीतल्या गटारासाठी दाद मागायला नगरसेवक नव्हता, तेव्हा कोणी धागा काढला नाही.

आता मुद्द्यावर. पैसा करातून जातो आणि त्याचा जाब संसदेत मंत्र्याला विचारता येतो. तुमच्या स्वतंत्र मंडळाला कोण विचारणार? बीबीसीचं कौतुक इथे सगळेच करतात. तिथल्या अध्यक्षांना २०२३ मध्ये राजीनामा द्यावा लागला, कारण नेमणुकीच्या वेळचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या कर्जाच्या प्रकरणातला आपला सहभाग त्यांनी तेव्हा सांगितला नव्हता. मुलाखती, समिती, सगळं होऊनही.

गोदाकाठ: जाब विचारायची सोय कायद्यातच आहे हो! कलम १३ वाचा. २२ खासदारांची समिती, १५ लोकसभेचे, ७ राज्यसभेचे. ती कधी बनवलीच नाही, हेच तर रडगाणं आहे. आणि बीबीसीचे अध्यक्ष गेले ते नेमणुकीची चौकशी होऊन तिचा अहवाल जाहीर झाला म्हणून. आपल्याकडे कोण कशामुळे निवडला गेला, हे कळतं का कधी?

द्राक्षबाग: तुमच्या समितीत कोण का बसेना, आमच्यापर्यंत काय पोचतं ते बोला. माझे वडील लासलगावचे कांद्याचे भाव रेडिओवर ऐकून ट्रॅक्टर काढायचे. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाडला गारपीट झाली. वाटाण्याएवढे द्राक्षांचे मणी झडून सरीत पडले होते, पायाखाली कचकच वाजत होते. लाइट गेलेली, मोबाइलला रेंज नाही. वडिलांचा जुना रेडिओ लावला तर कुठल्या तरी वाहिनीवर मुलाखत चालली होती. आमच्या तालुक्याचं नावसुद्धा नाही.

कलम १२ शेतीकडे खास लक्ष द्या म्हणतं. पण मंडळावर शेतीतला माणूस हवा, असं कुठेच लिहिलेलं नाही. अध्यक्ष आणि अर्धवेळ सदस्य सार्वजनिक जीवनातले नामवंत असावेत, बास. नामवंत म्हणजे आमच्यातला कोण?

पहिली_सभा: भाऊ, तुमच्या तालुक्याचं नाव घेणारी माणसं होती. मी अकरा वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक होते, म्हणजे बोलावतील त्या दिवसापुरतं काम. केंद्राचं नाव घेत नाही. महिन्याला सहा ड्यूट्या. पहाटे साडेपाचला स्टुडिओत, संकेतधून संपता संपता फेडर (माइकचा आवाज वाढवायची पट्टी) वर करायचा आणि घसा साफ नसला तरी आवाज साफ काढायचा. करार दर वेळी एका दिवसाचा. एके महिन्यात ड्यूटी चार्टवर नावच नव्हतं. पत्र नाही, फोन नाही.

सातपूरकर: ताई, वाईट वाटलं. पण याचा नेमणुकीशी काय संबंध?

पहिली_सभा: संबंध नाही कसा? मंडळावर कर्मचाऱ्यांचे दोन निवडून आलेले प्रतिनिधी असावेत असं कायद्यात आहे, एक अभियांत्रिकीचा, एक बाकीच्यांचा. आम्ही नैमित्तिक मात्र कर्मचारीच नाही. माइकवर आमचा आवाज चालतो, मतपेटीत चालत नाही. अकरा वर्षांत मला एकदाही कोणी विचारलं नाही आणि तुम्ही संबंध विचारता!

द्राक्षबाग: ताईंचं बरोबर आहे. सातपूरकर, जरा सांभाळून बोला.

सातपूरकर: मी काय शिवी दिली का? इथे दुसरी बाजू मांडली की लगेच अंगावर येतात.

गोदाकाठ: भांडू नका. जर्मनीत झेडडीएफ या सार्वजनिक टीव्ही वाहिनीच्या परिषदेवर शेतकरी संघटनेचा, कामगार संघटनांचा, चर्चचा माणूस असतो. २०१४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयानं सांगितलं की सरकार आणि पक्षांशी जोडलेले सदस्य एक तृतीयांशापेक्षा जास्त नकोत. तसं केलं तर द्राक्षबागांची खुर्ची पक्की.

द्राक्षबाग: कुठल्या संघटनेची? आमच्याकडे एका संघटनेचे किती गट झाले ते मोजा आधी. खुर्ची आली की आणखी दोन होतील. त्यापेक्षा निफाड, दिंडोरी, चांदवडच्या माणसाला सरळ अर्ज करता आला पाहिजे.

सातपूरकर: हे पटतं. नावं आधी जाहीर करा, तीन महिन्यांची मुदत घाला, हेही मान्य. विरोधी पक्षाच्या माणसाला मात्र माझा विरोध कायम. तिथेही सौदेबाजीच होईल.

पहिली_सभा: आणि आमच्या मताचं काय? त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.