कुत्रा-मांजर जर्मनीला नेताना: तीन महिने रक्त काढल्यापासून मोजतात
वर एका प्रतिक्रियेत लिहिलंय की रेबीजची लस आणि चिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवतात ती) झाली की महिन्याभरात कुत्रा जर्मनीला नेता येतो. भारतातून जाणाऱ्यांना हे लागू होत नाही. कृपया यावर विसंबून कुणी तिकीट काढू नका! युरोपीय संघाच्या सवलतीच्या देशांच्या यादीत भारत नाही, त्यामुळे टायटर टेस्ट, म्हणजे लसीमुळे रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडं पुरेशी तयार झालीत का ते पाहणारी तपासणी, लागतेच. आधी १५ अंकी मायक्रोचिप, मग लस (चिपच्या आधी दिलेली धरत नाहीत), लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त, आणि तेही युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासलेलं. प्रतिपिंडांचं प्रमाण ०.५ आययू प्रति मिलिलिटर किंवा जास्त हवं. त्यानंतर तीन महिने थांबायचं. हे तीन महिने रक्त काढल्याच्या तारखेपासून मोजतात, रिपोर्ट हातात आल्यापासून नाही. म्हणजे चिपपासून निदान चार महिने धराच. मांजरांनाही हेच नियम.

अजून कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते: बूस्टर न चुकता वेळेवर देत राहिलात तर ही टेस्ट पुन्हा करावी लागत नाही. जायचं नक्की नव्हतं तरी आमच्या मांजरीची आम्ही आधीच करून ठेवली होती, त्यामुळे नवऱ्याची बदली अचानक ठरली तेव्हा तीही आमच्याबरोबरच निघाली. थांबण्याच्या काळात प्रवासाचा पिंजरा घरात उघडा ठेवा, जेवण त्यातच द्या. गुंगीचं औषध मात्र नको. विमानात त्याने श्वासाचा त्रास होऊ शकतो, आणि बऱ्याच विमान कंपन्या गुंगीतलं जनावर घेतच नाहीत.