मदत हवी आहे: २१ अंकी संख्येचे गुणधर्म (उद्या सकाळपर्यंत!)

पौडफाटा: भाचीला प्रकल्पासाठी ही संख्या मिळाली आहे: १४७५७३९५२५८९६७६००००००. गुणधर्म लिहायचेत. मूळ संख्या आहे का, विभाजक किती वगैरे. 'गूगल करा' म्हणणाऱ्यांनी कृपया तसदी घेऊ नये.

त्रैराशिक: शेवटी सहा शून्यं, म्हणजे दहा लाखांनी भाग जातो. मूळ कशी असेल? अडलंय कुठे?

पौडफाटा: शून्यं नाहीत हो! स्प्रेडशीटमध्ये टाकली की तशी होते.

त्रैराशिक: ती पहिले १५ अंकच धरते, पुढे शून्यं भरते. तो रकाना आधी टेक्स्ट करा. आणि वहीतली खरी संख्या द्या. कुठून आली तेही सांगा.

मंडईकाकू: भाची कितवीत आहे? बोर्ड कुठलं?

पौडफाटा: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. कुठून आली याचा काय संबंध? बाईंनी वर 'दोनाचा ६७वा घात वजा एक' असं लिहिलंय.

त्रैराशिक: अहो, हेच आधी सांगायचं!

निवृत्त_मास्तर: मग मूळच. 'दोनाचा घात वजा एक' कुठल्या घातांना मूळ येते याची यादी फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ साली दिली, तिच्यात ६७ आहे.

त्रैराशिक: यादीत आहे, पण यादी चुकलीय मास्तर. संख्या संयुक्त, म्हणजे मूळ नसलेली, आहे हे फ्रेंच गणिती ल्युकाने १८७६ मध्ये दाखवलं, अवयव न सापडताच. ते अवयव १९०३ मध्ये अमेरिकन गणिती फ्रँक कोलने न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत फळ्यावर मांडले, तोंडातून शब्द न काढता: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. दोन्ही मूळ, म्हणून १ आणि ती संख्या स्वतः धरून विभाजक चारच. आणखी एक लिहा: घात ६७ असल्यामुळे प्रत्येक मूळ अवयवाला १३४ ने भागलं की बाकी १ उरते. १९३७०७७२० भागिले १३४ करून बघा, बरोबर १४४५५८०. बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहिली तर संख्या म्हणजे सलग ६७ वेळा एक.

कोडवाला_बाणेर: एवढं कशाला? पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत सिमपाय ही गणिताची लायब्ररी घ्या, एका ओळीत अवयव हातात.

निवृत्त_मास्तर: आणि मुलगी शिकणार काय? नवाचा ताळा करायला सांगा, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत जायचं. अवयवांच्या अंकांची बेरीज ३७ आणि ६४, दोन्ही शेवटी १ वर येतात. मोठीची १०९, तीही १. जुळलं!

त्रैराशिक: दोन अंकांची अदलाबदल झाली तरी हा ताळा जुळतो, मास्तर. गुणाकार करावाच लागेल.

निवृत्त_मास्तर: तो करूच दे की. पाठ्यपुस्तकातून ताळा गेला आणि सगळं बिघडलं.

डेक्कनकर: यावरून गणिती द. रा. कापरेकरांचा स्थिरांक ६१७४ आठवला. कापरेकर आपल्या फर्ग्युसनचे.

गोदाकाठ: शिकले तिथे. मास्तरकी आमच्या नाशिकजवळच्या देवळालीत केली. तुम्हा पुणेकरांना सगळं आपलंच वाटतं.

डेक्कनकर: पदवी कुठली होती ते बोला!

पौडफाटा: ते ६१७४ पण प्रकल्पात लिहायचं का?

त्रैराशिक: नाही.