मदत हवी आहे : सार्कोमाचा ब्लॉक मुंबईला न्यावा की बंगळूरला?

आम्ही खानापूर तालुक्यातले. धाकट्या भावाच्या (वय २६) गुडघ्यामागची लिंबाएवढी गाठ बेळगावात 'साधीच आहे' म्हणून काढली. रिपोर्ट आला सायनोव्हियल सार्कोमाचा (मऊ ऊतींचा एक दुर्मिळ कर्करोग), आणि कडेला कर्करोगाच्या पेशी शिल्लक. त्यानंतर एमआरआय झाला, छातीचा सीटी स्वच्छ आहे. केमो, रेडिएशन काहीच सुरू नाही.

आता फिश (पेशींतल्या जनुकांचा बिघाड दाखवणारी) तपासणी सांगितलीय. या कर्करोगात एक्स आणि १८ व्या गुणसूत्राचे तुकडे अदलाबदल होऊन एसएस१८-एसएसएक्स हे जोडजनुक तयार होतं. एसएस१८ तुटलेलं दिसलं की निदान पक्कं. त्यासाठी लागणारा पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आमच्याकडेच आहे, कुंद्याच्या रिकाम्या डब्यात कापसात गुंडाळून ठेवलाय. स्लाइड्सही आहेत.

रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड सगळं कर्नाटकाचं. बहीण डोंबिवलीला, म्हणून ओढा मुंबईच्या टाटाकडे. बंगळूरच्या किदवाई कॅन्सर रुग्णालयात कार्डाची काळजी नाही, पण आमचं कन्नड बाजारापुरतंच. (अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झालेल्या टी-पेशींच्या उपचाराबद्दल वाचलंय. तो पसरलेल्या आजारासाठी आहे, कृपया सुचवू नका.)

यातून गेलेल्यांनीच सांगा: नुसता ब्लॉक घेऊन गेलं तर तपासणी होते, की पेशंटला नेऊन आधी फाइल काढावी लागते? आणि कर्नाटकाचं कार्ड मुंबईत खरंच चाललं का कुणाचं?