'विनिमय' की 'अदलाबदल'?

अमळनेरहून:
एम.एस्सी.ला चुंबकत्व शिकतोय. पुस्तकात 'विनिमय आंतरक्रिया' असा शब्द आहे. मोठ्याने वाचत बसलो होतो, तर आजीने विचारलं, "कोन कोनले काय देस?" उत्तर सुचेना. इलेक्ट्रॉन एकमेकांना देतात तरी काय?

भुसावळहून:
काहीच नाही. आजींनी बरोबर पकडलं. विनिमय म्हटला की देणारा, घेणारा आणि वस्तू आली. इथे दोन इलेक्ट्रॉनांच्या जागा कागदावर बदलल्या की तरंगफलनाचं, म्हणजे त्यांची अवस्था सांगणाऱ्या गणिती सूत्राचं, चिन्ह उलटतं, एवढंच. त्यापायी स्पिन (इलेक्ट्रॉनाला इवला चुंबक बनवणारा अंगचा गुण) समांतर असताना आणि उलट असताना त्यांच्यातलं विद्युत प्रतिकर्षण वेगवेगळं भरतं. हायझेनबर्गने 1928 मध्ये लोहचुंबकत्वाचा उलगडा यावरच केला. मी वर्गात 'अदलाबदल' म्हणतो. देवळाबाहेर चपलांची होते तशी; फक्त इथे जोड इतके सारखे की झालेली कुणाला कळू नये.

धुळ्याहून:
चपलांना निदान एकमेकींशेजारी असावं लागतं ना! गॅडोलिनियम, डिस्प्रोशियम, होल्मियम या दुर्मिळ मृदा धातूंत चुंबकत्व 4एफ नावाच्या आतल्या कवचातल्या इलेक्ट्रॉनांचं, आणि ते अणूत इतके खोल की शेजारच्या अणूतल्या भावंडाशी गाठच पडत नाही. मधला निरोप धातूतले वाहक इलेक्ट्रॉन नेतात. रुडरमन, किटेल, कासुया आणि योसिदा यांनी 1954 ते 1957 या काळात मांडलेला हा 'परोक्ष विनिमय'. मी 'दलालीचा विनिमय' म्हणतो. रावेरचा केळीवाला आणि दिल्लीचं गिऱ्हाईक कुठे भेटतात? दलाल मात्र लहरी: एका अंतरावर "माझ्यासारखा उभा राहा" सांगतो, जरा पुढे गेलं की "उलटा हो". म्हणून डिस्प्रोशियममध्ये साधारण 85 ते 179 केल्विनच्या दरम्यान चुंबकी दिशा थरागणिक थोडी थोडी वळत जाते. याला 'सर्पिल रचना' म्हणतात ते मला खटकतं. सर्पिल म्हणजे जिलबी. हे मळसूत्र आहे, बोल्टाच्या आट्यांसारखं.

भुसावळहून:
मळसूत्र मान्य. आजींना दाखवायचं तर गॅडोलिनियम बरा. त्याचा क्युरी बिंदू, म्हणजे ज्याच्या वर लोहचुंबकत्व जातं ते तापमान, साधारण 20 अंश सेल्सिअस. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे तुकडा चुंबकाला घट्ट धरून बसेल, मेच्या दुपारी फारशी दाद देणार नाही.

अमळनेरहून:
आजीला 'दलाल' नामंजूर. दलाल पैसे खातो, 'निरोप्या' म्हण म्हणाली. मळसूत्र लगेच कळलं: "आपल्या पितळी सोऱ्याचं."