प्लेटोचा पलंग: चित्र 'तिसरं' कसं काय? अर्जंट मदत हवी आहे

कोराकागद: नमस्कार मंडळी, उद्या सकाळी बोलायचंय आणि मी दोन तास एकाच जागी अडकलोय. सुताराने पलंग केला, चित्रकाराने त्याचं चित्र काढलं, मग प्लेटो म्हणतो तसं ते सत्यापासून तिसरं कसं? दहा वेळा मोजलं, दोनच येतात. भाषांतर चुकलंय का? आणि मधेच आत्मा कुठून आला तेही कळेना. लवकर सांगा प्लीज.

चहाबिस्कीट: कुठलं पुस्तक? परीक्षा आहे की भाषण?

कोराकागद: अहो शीर्षकात प्लेटो लिहिलंय की. रिपब्लिक. वाचनकट्ट्यावर १० मिनिटं बोलायचंय.

सांजवात: म्हणजे दहावा भाग. तुम्ही पहिला पलंग धरलाच नाहीये. पुस्तकातला सॉक्रेटिस त्याच्याशी बोलणाऱ्या ग्लॉकनला तीन पलंग सांगतो, देवाने केलेलं पलंगाचं मूळ रूप, मग सुताराचा, मग चित्रातला. सुतार मूळ रूपाकडे बघून करतो, चित्रकार सुताराच्या पलंगाकडे बघून, आणि तोही एका बाजूने दिसतो तेवढाच.

कोराकागद: ते तीन माहितीयेत हो! पण एकवरून तीनवर जायला उड्या दोनच ना?

रज्जुसर्प: एवढं डोकं कशाला शिणवताय, हे सगळं आपल्याकडे मायेत येऊन गेलंय. मूळ रूप म्हणजे ब्रह्म, बाकी दोन्ही पलंग मिथ्या.

सांजवात: नाही हो. ब्रह्म एकच असतं, इथे पलंगाचं रूप वेगळं, न्यायाचं वेगळं, सौंदर्याचं वेगळं. आणि सुताराचा पलंग प्लेटो खोटा म्हणत नाही, मूळ रूपापुढे अंधुक म्हणतो.

रज्जुसर्प: शंकराचार्य तरी व्यवहारात खोटा कुठे म्हणतात? त्यावर वेगळा धागा काढा, सोडणार नाही.

आजोबा६८: कोराकागद, भाषांतर बरोबर आहे. ग्रीक लोक सुरुवातीचा धरून मोजायचे. आपण नाही का, सोमवारी आलेल्याला 'आठ दिवसांनी ये' म्हटलं की तो पुढच्या सोमवारीच येतो, दिवस सातच झालेले असतात. चार वर्षांनी येणारं ऑलिंपिक त्यांच्या हिशोबाने पाचव्या वर्षी यायचं. तसं मूळ रूप एक, सुतार दोन, चित्र तीन.

कोराकागद: आई शप्पथ! हे कुठेच लिहिलं नव्हतं. आणि आत्मा?

पडदावर: मी हौशी नाटकवाला, माझं ऐका, प्लेटोला सोडा आणि ॲरिस्टॉटल घ्या. वीसेक वर्षं प्लेटोच्याच अकादमीत काढून पठ्ठ्या उलटंच म्हणतो की अनुकरण, म्हणजे नक्कल, माणसाला लहानपणापासून जात्याच येतं, आणि प्रेतासारखी किळसवाणी गोष्टसुद्धा हुबेहूब चित्रात बघायला आपल्याला आवडते. ट्रॅजेडीच्या व्याख्येत कॅथर्सिस (भावनांचा निचरा किंवा शुद्धी) शब्द टाकतो आणि त्याचा खुलासा काही करत नाही, लोक अजून भांडतायत.

चहाबिस्कीट: कॅथर्सिस विचारलं कोणी?

सांजवात: आत्म्याचं असं आहे. चौथ्या भागात त्याचे तीन भाग केलेत, बुद्धी, त्वेष आणि वासना. दहाव्यात ढोबळ दोनच बाजू दिसतात. पाण्यातली काठी वाकडी दिसते, पण मोजमाप करणारी बुद्धी सांगते की सरळ आहे. चित्र त्या फसणाऱ्या बाजूशी गट्टी करतं. कविता तर त्याहून वाईट, कारण परक्याचं दुःख बघून रडायची सवय लागली की स्वतःवर वेळ आल्यावर आवरत नाही. गंमत म्हणजे महाकवी होमरवर लहानपणापासून प्रेम आहे हे सॉक्रेटिस तिथेच कबूल करतो आणि तरी त्याला आपल्या आदर्श नगराबाहेर काढतो!

सागवान: पलंग घेणार असाल तर बॉक्सचा घेऊ नका, प्लायला वाळवी लागते. अनुभव आहे.

कोराकागद: 😂 एक शेवटचं, देवाने पलंग एकच का केला?

सांजवात: दोन केले असते तर त्या दोघांत सारखं जे काही, तोच खरा पलंग म्हणून तिसरा उभा राहिला असता. तेही तिथेच आहे, पुढच्याच पानावर बघा. आता झोपा.

आजोबा६८: झालं का भाषण?

आजोबा६८: अहो कोराकागद?