‘मार्केट पॉवर’ला मराठीत काय म्हणायचं?

म्हापसेकर : पुरवणीसाठी वीजदरांवरच्या लेखाचं भाषांतर करतोय. ‘मार्केट पॉवर’ला ‘बाजारशक्ती’ लिहिलं, संपादकांनी कापलं. म्हणे बाजारशक्ती म्हणजे मागणी-पुरवठा, आणि इथे तर त्यांना न जुमानता विक्रेत्याला भाव चढवता येतो. पटलं. वाक्य कॅलिफोर्नियाचं आहे : 2000-01 मध्ये काही वीज उत्पादकांनी वीजनिर्मितीचे संच मुद्दाम बंद ठेवले, उरलेल्या संचांची वीज चढ्या भावानं विकली.

फोंड्याची वहिनी : मक्तेदारी. संपलं.

म्हापसेकर : कसलं संपलं, वहिनी! तिथे विकणारे बरेच होते. उलट आपलं गोव्याचं वीज खातं बघा, वितरणात एकटंच, पण दर ठरवतो संयुक्त वीज नियामक आयोग.

सत्तरीकर : मक्ता अरबी. ‘एकाधिकार’ म्हणा.

फोंड्याची वहिनी : तुमच्या घरात कोण बोलतं तसं? आमच्याकडे अजून ‘लायटीचं बिल’च येतं.

डिचोलीकर : मग ‘साटेलोटे’?

काणकोणकर : साट्यालोट्याला दोन घरं लागतात, मुलगी द्यायची नि घ्यायची. इथे एकटाही पुरतो. उन्हाळ्यात सगळे संच लागतात तेव्हा ज्याच्यावाचून अडतं त्यानं हात आखडला की झालं. विजेच्या लिलावात शेवटच्या महागड्या युनिटाचा भाव सगळ्यांनाच मिळतो. माझं मत ‘अडवणूक’. गणेशचवथीच्या आदल्या दिवशी बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान घेत होतो. सुपारीचे दोनच घड मांडलेले. “सोंपले सायबा,” म्हणत बाईनं भाव वाढवला. तेवढ्यात तिच्या पोरानं पोतं ओढलं, खाली आणखी सात!

म्हापसेकर : पोत्याचं मस्तच, बाब. पण अडवणूक ही करणी. ही ताकद न वापरताही असते. म्हणून तर आपल्या देशातल्या वीज बाजारात उद्याच्या विजेच्या साध्या सौद्यांना 2023 पासून युनिटला 10 रुपयांची वेसण आहे. ‘अडवणूक-क्षमता’ लिहू?

डिचोलीकर : सरकारी अर्ज वाटतो.

काणकोणकर : मक्त्यावरून आठवलं. आपला सूर, म्हणजे माडी, काढणारा रेंदेर पोर्तुगीज ‘रेंदेइरो’वरून आला, म्हणजे मुळात मक्तेदारच.

सत्तरीकर : रेंदेर माडावर चढतो हो. मक्ता कसला?

काणकोणकर : रेंद म्हणजे खंड, भाडं. माड खंडानं घ्यायचा, मग सूर काढायची.

फोंड्याची वहिनी : आमच्या आजोळी माडावर चढायचा तो पाडेली.

काणकोणकर : पाडेली नारळ पाडतो, वहिनी. सुरेला हात लावत नाही.

म्हापसेकर : मंडळी, लेख उद्या द्यायचाय.

सत्तरीकर : ‘पाडेली’ मात्र अस्सल आपला. ‘पाडणे’वरून.