‘जेवाय लागलोय’ कुठल्या तक्त्यात बसवणार?

कृष्णाकाठ (सांगली): शाळेतले विभक्ती आणि काळांचे तक्ते आता पुरे. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं, आणि अजून आपण मराठी संस्कृतच्या साच्यात कोंबतोय. ‘स, ला, ते’ द्वितीयेतही आणि चतुर्थीतही, मग दोन ओळी कशाला? रचना-व्याकरण (Construction Grammar) ही भाषाविज्ञानातली विचारधारा सांगते की भाषा म्हणजे रूप आणि अर्थ यांच्या जोड्या, आणि बदल होतो तो एकेका रचनेत. आपल्याकडचंच बघा. ‘पाऊस पडायला लागला’ यात सुरुवात आहे. ‘मघापासून जेवाय लागलोय’ (म्हणजे ‘जेवतोय’) यात ती कुठे उरली? पुढे झिजून ‘काय करालाईस?’ झालं. यासाठी कुठला तक्ता लागला?

माणदेशी: अजिबात पटत नाही. ‘तू भाकरी खाल्लीस’ घ्या. क्रियापद भाकरीप्रमाणे स्त्रीलिंगी, तरी शेवटी कर्त्याचा ‘स’ आहेच. तो ‘आलास, गेलास’च्या ओळीतला.

कृष्णाकाठ: एका रचनेचं वळण दुसरीला लागलं, एवढंच. तक्त्याची ओढ असती तर ‘मी आलो’तला ‘ओ’ ‘मी भाकरी खाल्ली’त का नाही शिरला?

माणदेशी: आणि ‘तुम्ही भाकरी खाल्लीत’? एकवचन असो, अनेकवचन असो, सरकला तो द्वितीय पुरुषच. बोलणाऱ्याच्या डोक्यात तो कप्पा असल्याशिवाय असं घडत नाही. घोकंपट्टी नको, हे मान्य. पण फळ्यावरचा तक्ता वेगळा आणि डोक्यातला वेगळा.

वाईकर: रचना-व्याकरणवाल्यांतही यावर एकमत नाही. जर्मन अभ्यासक गाब्रिएले डीवाल्ड रूपावलीलाच, म्हणजे रूपांच्या तक्त्यालाच, वरच्या पातळीवरची एक रचना मानतात. रूपाचा व्याकरणिक अर्थ शेजारच्या रूपांशी असलेल्या विरोधातून ठरतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. ‘पोरगा काय करतो?’ म्हणजे नोकरीधंदा, ‘पोरगा काय कराय लागलाय?’ म्हणजे आत्ता, या घडीला. शेजारी ‘करतो’ नसता तर हा अर्थ इतका नेमका झाला असता का?

कृष्णाकाठ: मग नकाराचं काय? ‘जेवाय लागलो न्हाई’ म्हटलं तर आमच्या घरी ‘अजून सुरुवातच केली नाही’ असं समजतात. चालू काळासाठी ‘जेवत न्हाई’कडेच जावं लागतं. कप्पा खरा असता तर निम्मा रिकामा कसा?

वाईकर: रूप कप्प्यात एकदम शिरत नाही. होकारात आधी रुळेल, नकारात मागाहून. पण तुमचा हा मुद्दा मोलाचा आहे. तासगाव, विटा, कराडकडच्यांनी सांगा: तुमच्याकडची पोरं नकारात काय म्हणतात?